बाबा येण्याआधी अल्फा घेऊ का?

या वेळचं पत्र स्टुटगार्टहून आलंय. थोडं कापून देतो.

"काका, नमस्कार. मी मूळची सांगलीची, वय ४३, गेली बारा वर्षं जर्मनीत आहे. बाबांचं सांगलीत गॅरेज होतं. फियाट आणि पद्मिनी हेच त्यांचं आयुष्य. शाळेतून आले की मी त्यांना पाने काढून द्यायची, त्यामुळे इटालियन गाडीचं वेड तिथूनच. हायडेलबर्गजवळ एका विक्रेत्याकडे १९७४ची अल्फा रोमिओ स्पायडर २००० आहे. लाल, नव्यानं रंगवलेली, कॅलिफोर्नियातून आणलेली. किंमत २४ हजार युरो. माझ्याकडे यासाठी बाजूला ठेवलेले ३२ हजार आहेत. बाबा ७१ वर्षांचे आहेत, जूनमध्ये तीन महिन्यांसाठी येताहेत. त्यांना काही न सांगता विमानतळावर ही गाडी घेऊन जायचं मनात आहे. नवऱ्याला हा वेडेपणा वाटतो. ऑफिसमधला एक जण म्हणतो, घ्यायचीच तर कर्ज काढून फेरारी घे, तिची किंमत तरी वाढते. विक्रेता म्हणतो, दोन गिऱ्हाइकं थांबली आहेत, रविवारपर्यंत सांगा. पुढे भारतात परतलो तर गाडी नेता येईल का, हेही सांगा. घेऊ का?"

काका म्हणून लिहिलंस, तर मीही 'तू'च म्हणतो.

अल्फा घे. पण ही अल्फा रविवारपर्यंत घेऊ नकोस. लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय तर एक युरोही देऊ नकोस, अगदी टोकन म्हणूनसुद्धा नाही.

आधी तुझ्या निवडीबद्दल, कारण ती मला मनापासून आवडली. जुन्या इटालियन स्पोर्ट्स गाड्यांमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला खरोखर सांभाळता येतील अशा गाड्या थोड्या आहेत आणि स्पायडर त्यात अगदी वरची. १९६६मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. आकार पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीचा, बॉडी तुरीनजवळच्या ग्रुल्यास्कोला बनायची आणि गाडी पूर्ण व्हायची मिलानजवळच्या आरेसेला. थोडेफार बदल होत होत ती १९९३पर्यंत बनत राहिली, एकूण लाखाच्या वर. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. गॅस्केटपासून अख्ख्या मडगार्डपर्यंत सगळं मागवता येतं, आणि जर्मनीत तर दोन-तीन दिवसांत घरपोच.

बाबांना इंजिन दाखवशील तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघ. त्यांनी आयुष्यभर फियाट ११००चं १०८९ सीसीचं पुशरॉडवालं इंजिन बांधलं, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. स्पायडर २०००मध्ये १९६२ सीसी, ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचं, वर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), तेही साखळीवर फिरणारे. पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, साधारण १३० अश्वशक्ती, आणि वजन हजार किलोंच्या जरा वर. गिअरचा दांडा डॅशबोर्डाखालून जवळजवळ आडवा तुझ्या हाताकडे येतो. एक दुरुस्ती मात्र करतो. "इटालियन म्हणजे शेवटी फियाटच" असं तू पत्रात एके ठिकाणी लिहिलंयस. १९७४ला अल्फा फियाटची नव्हती, इटालियन सरकारच्या मालकीची होती. फियाटकडे ती १९८६मध्ये आली. बाबा टॅपेटला फीलर गेज (फट मोजायची पट्टी) लावतील, पण इथे स्क्रू फिरवून गॅप बसत नाही. कॅमशाफ्ट काढून खाली योग्य जाडीची चकती घालावी लागते. त्यांना शिकायला मजा येईल.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलोय, ती गोष्ट. पत्रा.

मी १९९६मध्ये कामानिमित्त तुरीनला होतो. तिथे मी १९७१ची अल्फा जीटी ज्युनिअर घेतली, बर्टोने या डिझाइन कंपनीच्या आकाराची कूपे, म्हणजे दोन दारांची बंद गाडी. नव्वद लाख लिरा मोजले. रंग आरशासारखा होता, इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झालं, आणि मी विरघळलो. तिसऱ्या आठवड्यात जोराचा पाऊस झाला. ऑफिसला पोहोचलो तर डाव्या पायाचा मोजा ओला. मॅट उचलली. खाली जाड, काळं, डांबरासारखं कोटिंग, नवंकोरं. बोटानं दाबलं तर ते पोळीसारखं खाली गेलं आणि बोट पलीकडे रस्त्याच्या हवेत. खाली पत्राच नव्हता. फायबरचं कापड चिकटवून त्यावर ते काळं थापलेलं होतं.

गाडी एका म्हाताऱ्या पत्राकाम करणाऱ्याकडे नेली. दरवाजाखाली जी लांब पेटी असते, तिला सिल म्हणतात. त्यानं तिचा बाहेरचा पत्रा एकेक स्पॉट वेल्ड ड्रिलनं सोडवत काढला. त्याला दीड दिवस लागला. आतून जे निघालं ते गंजसुद्धा म्हणता येणार नाही, चहाच्या चोथ्यासारखा भुगा होता, दोन घमेली. दोन्ही बाजू, फ्लोअर आणि जॅक लावायच्या जागा नव्यानं करायला गाडीच्या किमतीहून जास्त पैसे गेले, आणि पाच महिने. विकणाऱ्याकडे गेलो तर त्यानं कागद दाखवला, 'आहे त्या स्थितीत', खाली माझी सही. त्या वर्षी घरी पाठवायचे पैसे मी पाठवू शकलो नाही. ते मला आजही बोचतं, म्हणूनच इतकं सविस्तर सांगतोय.

स्पायडरमध्ये तर हे जास्त गंभीर, कारण तिला छत नाही. बंद गाडीत छत आणि खांबही भार घेतात. उघड्या गाडीचा कणा म्हणजे हे दोन सिल. स्पायडरमध्ये ते तीन पत्र्यांचे असतात: बाहेरचा, मधला आणि आतला. बाहेरचा नवा लावून रंगवला की गाडी सुंदर दिसते आणि मधला सडत राहतो. पाणी येतं कुठून? कापडी छताच्या मागच्या कोपऱ्यांतून पाणी निघायला नळ्या आहेत, काचेखालच्या खाचेलाही वाट आहे, सिलला खाली भोकं आहेत. पन्नास वर्षांची पानं, माती आणि मेण त्यांत अडकतं. पाणी आत राहतं, त्यात जर्मनीतल्या हिवाळ्याचं रस्त्यावरचं मीठ. त्या काळच्या इटालियन गाड्या रशियन पोलादामुळे गंजतात, ही गोष्ट तुला दहा जण सांगतील. त्या वादात शिरू नकोस, तू भोकं बघ.

कसं बघायचं? लिफ्टवर गाडी चढवायच्या आधी दोन्ही दरवाजे लावून त्यांच्या मागच्या कडेची फट बघ. मग सिलखालच्या जॅकच्या जागेवर जॅक लावून एक बाजू उचल आणि तीच फट पुन्हा बघ. फट कमी झाली किंवा दरवाजा उघडताना घासायला लागला, तर कणा गेला. तिथेच आभार मानून निघ. फट तशीच राहिली तर लिफ्टवर. टॉर्च घे आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं सिल पुढून मागे ठोकत जा. चांगला पत्रा वाजतो, पुट्टी आणि गंज वाजत नाहीत. डिकीत स्टेपनी जिथे बसते तो खळगा, पुढच्या नाकाखालचा पत्रा, चाकांच्या कमानींच्या आतल्या कडा, सीटमागची जागा, सगळीकडे हात घाल. बाबांसारखं फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबकही चालेल, पण रंगाची जाडी मोजायचं यंत्र आता सहज मिळतं. साधारण शंभर-दोनशे मायक्रॉन म्हणजे ठीक. एखाद्या ठिकाणी हजार दिसलं तर खाली पुट्टी आहे. आणि सगळं खालून नुकतंच काळं फासलेलं असेल तर मला आवडणार नाही. शक्य असेल तर पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जा, मॅट उचल आणि हात फिरव.

'कॅलिफोर्नियाची गाडी' हे ऐकायला छान आहे, कारण कोरड्या हवेत पत्रा टिकतो. पण ती जर्मनीत कधी आली? अमेरिकन टायटल, म्हणजे मालकीचा कागद माग. त्यावर शेवटचं राज्य आणि तारीख असते. कागदावर थंडीत मीठ टाकणारं राज्य निघालं, किंवा गाडी वीस हिवाळे इथेच काढून बसलेली निघाली, तर कॅलिफोर्निया विसरून जायचं. खरी तिथलीच असेल तर डॅशबोर्ड उन्हानं तडकलेला आणि रबरं वाळलेली असतील. ते मला चालेल. नव्या रंगाआधीचे आणि रंगकाम चालू असतानाचे फोटोही माग. ज्यानं काम प्रामाणिकपणे करून घेतलंय त्याच्याकडे ते असतातच.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे पैसा लागतो पण गाडी वाचते. जाण्याआधी फोन करून सांग, इंजिन थंड ठेवा. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवून बघ. ऑइलच्या टोपणाखाली साईसारखा पांढरट फेस असेल तर हेड गॅस्केटमधून पाणी जात असू शकतं, आणि या इंजिनाचं ते जुनंच दुखणं. ब्लॉक आणि हेडच्या सांध्यावर बाहेरून ऑइल पाझरतंय का तेही बघ. गरम झाल्यावर चालत्या गाडीत ऑइलचं प्रेशर साडेतीन-चार बारच्या आसपास टिकायला हवं. थंड असताना दुसरा गिअर करकर करतो, ते बहुतेक सगळ्या स्पायडरमध्ये आढळतं. गरम झाल्यावरही करत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांना त्या काळी कार्बोरेटर नव्हते, स्पिका नावाचा यांत्रिक इंजेक्शन पंप होता. तो नीट लावलेला असेल तर उत्तम चालतो, पण लावणारे हात थोडे. पुष्कळांनी तो काढून दोन वेबर कार्बोरेटर बसवले. या गाडीत काय आहे ते विचार. पंप काढला असेल तर तो जपून ठेवलाय का, तेही. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, आठवडा आणि वर्ष. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी दहा वर्षांपूर्वीचा टायर बदलायचाच, असं धरून चाल.

चॅसिस क्रमांक बोनेटखाली मागच्या भिंतीवर कोरलेला असतो. तो कागदांशी स्वतः ताडून बघ. कंपनीच्या जुन्या कागदपत्रांच्या विभागातून गाडीची जन्मतारीख, मूळ रंग आणि ती कुठल्या देशासाठी बनली याचा दाखला मागवता येतो. लाल रंग मूळचा निघाला नाही तरी बिघडत नाही, किंमत उतरवायला उपयोग होतो.

पैसे. तुझ्याकडे ३२ आहेत, म्हणजे गाडी २२च्या वर नको. दहा हजार पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला, त्यांना हात लावायचा नाही. नव्यानं घेतलेल्या जुन्या गाडीला ब्रेकचे होस, पेट्रोलचे पाइप, टायर, प्रोपेलर शाफ्टचं रबरी कपलिंग, रेडिएटर असं काही ना काही लगेच लागतंच. ऑइल बदलतानाच सहा-साडेसहा लिटर जातं. बाकी रोजचा खर्च तुझ्या नवऱ्याला वाटतो तेवढा नाही. तीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात नीट राखलेल्या गाडीला जर्मनीत तपासणीनंतर एच नंबरप्लेट मिळते. मग इंजिन कितीही मोठं असो, वर्षाला सुमारे १९१ युरोचा ठरावीक कर, आणि शहरातल्या पर्यावरण क्षेत्रात जायला स्टिकर लागत नाही. एचबरोबर हंगामी नंबरही घेता येतो. मार्च ते ऑक्टोबर घेतलास तर कर तेवढ्याच महिन्यांचा, आणि हिवाळ्यात गाडी मिठापासून लांब. जुन्या गाड्यांचा विमा स्वस्त पडतो, पण कंपन्या सहसा रोजच्या वापराची दुसरी गाडी आणि बंद जागा मागतात. तुझ्याकडे गॅरेज आहे का, हे पत्रात कुठेच नाही. नसेल तर आधी ते शोध. उघड्यावर ठेवलेली स्पायडर मी तुला घेऊ देणार नाही.

फेरारीचं एकदाच बोलून सोडून देतो. कर्ज काढून नको. तुझ्या आवाक्यात जी येईल, ३४८ वगैरे, तिचा टायमिंग बेल्ट बदलायचा तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, आणि बेल्ट तर ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो. ज्या गाडीला हात लावायची बाबांना भीती वाटेल, ती तुझ्या कामाची नाही. आणि गुंतवणूक म्हणून मी स्पायडरही घेऊ नकोच म्हणेन. ते पैसे खर्च झाले असं धर. पुढे परत मिळाले तर मिळाले.

भारतात न्यायचा विचार या निर्णयात धरू नकोस. स्टिअरिंग डावीकडे, जुनी वाहनं आणण्याचे नियम बदलत राहतात, वरून कस्टम्स. ती युरोपातच विकायची असं समजून चाल.

ही गाडी नापास झाली तर दोन वाटा सुचवतो. एक, स्पायडरचीच शेवटची पिढी, १९९० ते ९३. तिला इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणि पॉवर स्टिअरिंग आहे, आणि त्यांचीही तिशी आता उलटली, म्हणजे एच नंबर मिळतो. जुन्या क्रोमचा डौल तिला नाही, पण पावसातही घरी आणते. दुसरी, फियाट १२४ स्पायडर. तीही १९६६ची, तीही पिनिनफारिनाची, इंजिन ट्विन कॅमच, फक्त कॅमशाफ्ट साखळीऐवजी रबरी दातेरी पट्ट्यावर. तो पट्टा आल्या आल्या बदलायचा. १२४ म्हटलं की बाबांना प्रीमियर ११८ एनई आठवेल. निसानच्या इंजिनाची ती गाडी १२४च्याच बॉडीवर होती. त्यांनी सांगलीत तिचे दरवाजे नक्की बसवले असतील.

नवऱ्याबद्दल. तो वेडेपणा म्हणतोय, पण त्याची हरकत गाडीला आहे, पैशाला आहे, की तू एकटीनं ठरवते आहेस याला? पत्रातून मला कळलं नाही, कदाचित तुलाही नसेल. वर लिहिलेले आकडे कागदावर मांडून त्याच्यासमोर ठेव: २२, १०, गॅरेजचं भाडं, विमा, कर. आणि बघायला जाताना त्याला घेऊन जा. मागे थांबून, फार न बोलता, फक्त विक्रेत्याचा चेहरा बघणारं एक माणूस बरोबर असावं लागतं. मी १९९६ला एकटा गेलो होतो.

राहिला जून. विमानतळावरचं ते दृश्य तू किती दिवस मनात रंगवते आहेस, ते तुझ्या ओळींवरून दिसतं. बाबांच्या हातच्या गाड्यांचं कौतुक तुला त्यांना एकदा दाखवायचंय, हेही दिसतं, आणि ते वाचून माझेही डोळे भरले. पण त्या तारखेमुळेच रविवारची मुदत तुला खरी वाटते. एप्रिल-मे म्हणजे उघड्या गाड्यांचा सीझन, विक्रेत्याला ते ठाऊक आहे. स्पायडर ऑक्टोबरमध्येही मिळतात, बहुधा थोड्या स्वस्त.

म्हणून माझं ऐक आणि बाबांपासून लपवू नकोस. पत्र्याला हात लावून चाळीस वर्षं काढलेला माणूस तुझ्या घरात आहे आणि तू त्याला सोडून गाडी बघायला निघालीस. आज संध्याकाळी त्यांना फोन कर. लिफ्टच्या दिवशी त्यांना व्हिडिओवर घे, फोन नवऱ्याच्या हातात दे, तू टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर धर. सिल ठोकत जा, हळूहळू, पुढून मागे. आवाज बदलला की ते तिकडून थांबवतील. ही गाडी पास झाली तर विमानतळावर तीच ने, बॅगा नवऱ्याच्या गाडीत. नाही झाली, तर जून, जुलै आणि ऑगस्टचे सगळे शनिवार तुम्ही दोघं गाड्या बघत फिरा. खाली वाकायला त्यांना त्रास होईल, तेव्हा एक जाड सतरंजी घेऊन ठेव.

विक्रेत्याला उद्या एवढंच विचार: "गाडी जवळच्या ट्यूफ (गाड्या तपासणारी संस्था) केंद्रावर माझ्या खर्चानं लिफ्टवर चढवून तपासायची आहे, चालेल का?" तो काय म्हणाला, ते मला कळव.